महीच्या मुखापासून कारवारपर्यंत : पश्चिम किनाऱ्यावरची आरमारी संग्रहालये

(दृश्य : सयाजीबागेतील संग्रहालय, देवमाशाचा सांगाडा)

वडोदरा हे समुद्रकाठचे शहर नाही. विश्वामित्रीच्या काठी वसलेल्या या शहरात समुद्राची गाज ऐकू येत नाही, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात समुद्र येतो तो बहुधा द्वारका-सोमनाथच्या यात्रेपुरता किंवा दिवाळीच्या सुट्टीतील दीवच्या सहलीपुरता. तरीही १८९४ साली पूर्ण झालेल्या सयाजीबागेतील संग्रहालयात शिरल्यावर मुले आधी धावतात ती निळ्या देवमाशाच्या सांगाड्याकडे. हा देवमासा महीच्या मुखाशी आला होता. म्हणजे खंबातचे आखात आपल्या दारापासून फारसे लांब नाही.

बडोदे संस्थानाचा जुना नकाशा उघडला, तर हे अधिकच स्पष्ट होते. नवसारी आणि बिलिमोरा, सोमनाथ व दीव यांच्या मधोमध असलेले कोडिनार, आणि सौराष्ट्राच्या पश्चिम टोकावरील ओखामंडळ हे सर्व मुलूख गायकवाडांचे होते, आणि त्या सर्वांना समुद्रकिनारा होता. दुसऱ्या महायुद्धात तर बडोद्याचे नाव आकाशातही गेले. संस्थानाने दिलेल्या देणगीची नोंद म्हणून ब्रिटनच्या हवाई दलातील स्पिटफायर विमानांच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला ‘बडोदा’ हे नाव जोडले गेले.

ज्या किनाऱ्याला आपण देवदर्शनासाठी आणि विश्रांतीसाठी जातो, त्याच किनाऱ्यावर या देशाच्या आरमाराचा आणि नौदलाच्या विमानांचा इतिहास जहाजांच्या आणि विमानांच्या रूपात उभा आहे. त्यातील काही जहाजे टिकली, काही टिकली नाहीत. दोन्हींची कारणे समजून घेतली, तर ही संग्रहालये निराळ्या डोळ्यांनी पाहता येतात.

(दृश्य : लोथल, विटांनी बांधलेला लांबट हौद)

प्रवासाची सुरुवात लोथलपासून करावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. अहमदाबाद जिल्ह्यातील भाल प्रदेशात, आज समुद्रापासून बरेच आत असलेल्या या जागी १९५५ ते १९६० या काळात शि. रं. राव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची हडप्पाकालीन वसाहत उजेडात आली. पडद्यावर दिसतो आहे तो भाजलेल्या विटांचा हौद सुमारे २१८ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद आहे. ही जहाजांची गोदी होती, असे राव यांचे प्रतिपादन होते; तो पाण्याचा साठा असावा, असे मानणारे अभ्यासकही आहेत. मात्र या वसाहतीचा दूरच्या समुद्राशी संबंध होता, याबद्दल शंका उरत नाही, कारण इराणच्या आखातातील धाटणीची मुद्रा येथे सापडली आहे. जवळच्या लहानशा संग्रहालयातील मणी, वजने आणि मुद्रा घाईने पाहू नयेत. मोजमापाची एवढी काटेकोर शिस्त ज्या व्यापाऱ्यांकडे होती, त्यांनी आपली नौकाही तेवढ्याच काळजीने बांधली असणार. याच परिसरात राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाचे मोठे काम हाती घेण्यात आले आहे.

गोदीचा सिद्धांत ज्या गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे खंबातच्या आखातातील भरती. नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत गेलेल्या या आखातात उधाणाचे पाणी दहा मीटरांहूनही अधिक चढते आणि तितकेच झपाट्याने उतरते. भरतीबरोबर नावा नदीतून आत याव्यात आणि हौदात सुरक्षित राहाव्यात, अशी ती कल्पना आहे. याच भरतीने आखाताच्या पश्चिम तीरावर, भावनगर जिल्ह्यात, अगदी निराळा उद्योग उभा केला.

(दृश्य : अलंगचा किनारा, दूरवरून)

अलंगला संग्रहालय नाही. तेथे जहाजे मोडली जातात. उधाणाची भरती साधून भले मोठे जहाज स्वतःच्या वेगाने किंवा ओढबोटींच्या साहाय्याने किनाऱ्यावर चढवायचे, पाणी उतरले की ते कोरड्या वाळूवर रुतून बसते, आणि मग ते कापायला घ्यायचे, ही तेथील रीत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये याच किनाऱ्यावर विमानवाहू नौका विराट आणली गेली. १९५९ साली ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ या नावाने दाखल झालेली, १९८७ साली भारतीय नौदलात आलेली आणि ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झालेली ही नौका जगातील दीर्घकाळ सेवा दिलेल्या विमानवाहू नौकांपैकी एक होती. तिचे संग्रहालय व्हावे यासाठी प्रयत्न झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण तोवर तोडणी बरीच पुढे गेलेली होती.

तिच्या आधी विक्रांतचेही असेच झाले. १९६१ साली नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली ती पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाल्यानंतर मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली, परंतु २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली. पोलादी जहाज पाण्यात उभे ठेवणे म्हणजे गंजाशी रोज झुंज देणे होय. तळाची पत्रे झिजतात, पाणी उपसणारे पंप चालू ठेवावे लागतात, ठराविक काळाने जहाज सुक्या गोदीत नेऊन तळ तासावा आणि रंगवावा लागतो, आणि दोनशे मीटरांहून लांब नौकेसाठी हा खर्च कोणत्याही तिकीटविक्रीतून निघत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ हळहळ व्यक्त करणे योग्य नाही. तरीही, ज्या राष्ट्राकडे अशा दोन नौका होत्या, त्याने त्यांपैकी एक तरी जपायला हवी होती, असे आम्हांला मनापासून वाटते.

(दृश्य : दीव, टेकडीवरील स्मारक, काचेतील नौकेची प्रतिकृती)

दीवला जाणारे बहुतेक प्रवासी पोर्तुगीज किल्ला पाहतात आणि तो पाहावाच. १५०९ सालची दीवची सागरी लढाई हा किल्ला बांधण्याआधीची; पण त्यानंतर १५३८ आणि १५४६ मधील वेढे, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय नौदलाच्या दिल्ली या युद्धनौकेने केलेला तोफांचा मारा, एवढा इतिहास त्या तटबंदीने सोसला आहे. मात्र किल्ला पाहून परत फिरणाऱ्यांनी थोडे पुढे जाऊन समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या खुकरीच्या स्मारकापाशी थांबावे, ही आमची विनंती आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, भारतीय फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, खुकरी पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली. पाणबुडीचा माग काढण्यासाठी मुंबईहून खुकरी आणि किरपाण या दोन नौका पाठवण्यात आल्या होत्या. हंगोर ही फ्रान्समध्ये बांधलेल्या डाफ्ने वर्गातील, त्या काळची आधुनिक पाणबुडी होती, तर तिच्या मागावर असलेल्या फ्रिगेट जुन्या ब्रिटिश बनावटीच्या होत्या आणि त्यांचे सोनार, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालचा शोध घेणारे यंत्र, तितक्या लांबचे टिपू शकत नव्हते. किरपाणच्या दिशेने सोडलेला पहिला पाणतीर फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. नौका काही मिनिटांत बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या सहकाऱ्यांना नौका सोडण्याचे आदेश दिले, स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले, आणि ते स्वतः नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ती पहिली घटना होती.

स्मारकात काचेच्या आवरणात खुकरीची प्रतिकृती आहे. पुढे जी नौका आपण पाहणार आहोत, ती मात्र प्रतिकृती नाही. तेच नाव धारण करणारी दुसरी खुकरी माझगाव गोदीत बांधली गेली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली, तेव्हा तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासमवेत कप्तान मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला उपस्थित होत्या. देशात बांधलेल्या क्षेपणास्त्रधारी कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौकांपैकी ही पहिली. बत्तीस वर्षांची सेवा करून ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली. सुमारे ९१ मीटर लांबीची ही नौका विराटच्या निम्म्याहूनही आखूड आहे, आणि तिचे जतन शक्य झाले यात या आकाराचाही वाटा आहे. अशा नौकेवर गेल्यावर तोफांपेक्षा तिथल्या वाटा पाहाव्यात : दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते, जिने जवळजवळ उभे असतात, दारांचे उंबरे गुडघ्यापर्यंत येतात. नौका काही मिनिटांत बुडाली या वाक्याचा अर्थ तेथे उमगतो.

हंगोर पाणबुडीही आज संग्रहालयातच आहे. ती कराचीच्या सागरी संग्रहालयात जतन केलेली आहे.

(दृश्य : ओखा बंदर, मासेमारीच्या होड्या)

ओखा हे बडोदे संस्थानाने विकसित केलेले बंदर. बेट द्वारकेला जाणारी आपली माणसे २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला होईपर्यंत येथूनच होडीत बसत. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानी नौदलाने जवळच्या द्वारकेवर तोफा डागल्या होत्या. त्यानंतर सहा वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी, किल्तान आणि कच्छल या युद्धनौकांच्या साथीने, कराचीवर हल्ला चढवला. मूळ किनारसंरक्षणासाठी घेतलेल्या या छोट्या नौका शत्रूच्या बंदरापर्यंत नेण्याचे ते धाडस होते. पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंगनाशक मुहाफिज त्या रात्री बुडाल्या. मोहिमेचे नेतृत्व करणारे कमांडर बबरू भान यादव यांना महावीरचक्र मिळाले, आणि तेव्हापासून ४ डिसेंबर हा नौदल दिन आहे. प्रत्युत्तरादाखल पाकिस्तानी विमानांनी ओख्यावरच बॉम्ब टाकले आणि तेथील इंधनाचा साठा पेटला. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत उभे राहिलेले बंदर असे युद्धाच्या इतिहासात आले, हे वडोदऱ्यातील किती घरांत सांगितले जाते, कोण जाणे.

(दृश्य : गोवा, बोगमाळो, नौदल हवाई संग्रहालय)

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, १९९८ मध्ये सुरू झालेले नौदल हवाई संग्रहालय आहे. विक्रांतवरून उडालेली सीहॉक आणि आलिझे, विराटवरून उडालेले सीहॅरियर ही विमाने येथे उघड्या मैदानात उभी आहेत. ज्या नौकांच्या पाठीवरून ती उडत असत त्या नौका भंगारात गेल्या आणि विमाने राहिली, हे ध्यानात ठेवून ती पाहावीत. सीहॅरियरच्या दोन्ही बाजूंना असलेली, फिरवता येणारी निष्कास-तोंडे जरूर पाहावीत. त्यांतून हवेचा झोत खाली वळवून हे विमान जागच्या जागी उतरू शकत असे.

आमचे लक्ष मात्र सर्वाधिक खिळले ते सुपर कॉन्स्टेलेशनवर. तीन शेपट्यांचे, माशासारखे वळणदार अंग असलेले हे चार इंजिनांचे विमान आधी एअर इंडियाने प्रवाशांसाठी वापरले, मग ते हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आले, आणि समुद्रावर दूरवर टेहळणी करू लागले. त्याचे काम १९८८ पासून रशियन तुपोलेव्ह १४२ विमानांनी पुढे चालवले, आणि त्यांपैकी एक विमान पाहण्यासाठी गोव्याच्या दक्षिणेला कारवारपर्यंत जावे लागते.

(दृश्य : कारवार, रवींद्रनाथ टागोर किनारा)

कारवारच्या किनाऱ्यावर तुपोलेव्हच्या शेजारीच चपळ ही क्षेपणास्त्र नौका जमिनीवर उभी आहे. १९७६ मध्ये नौदलात आलेली आणि २००५ मध्ये निवृत्त झालेली ही नौका १९७१ च्या युद्धात नव्हती. कराचीवर गेलेल्या नौकांच्या वर्गानंतर आलेल्या सुधारित वर्गातील ती आहे. पण आकार, बांधणी आणि चार क्षेपणास्त्रांची नळकांडी जवळपास तशीच आहेत. जेमतेम ३९ मीटर लांबीच्या अशा नौकेतून, अंधारात, शत्रूच्या मुख्य बंदरावर चालून जाणे म्हणजे काय, हे येथे उभे राहिल्यावर समजते. तुपोलेव्हच्या प्रत्येक इंजिनावर एकामागे एक असे, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे आहेत, तेही पाहून घ्यावेत.

हा सगळा पल्ला एका सुट्टीत बसवण्याचा हट्ट धरू नये. वडोदऱ्याहून लोथल ही एका दिवसाची फेरी आहे. दीव, कोडिनार, सोमनाथ, द्वारका आणि ओखा ही एक सलग वाट आहे. आणि गोवा-कारवार ही स्वतंत्र सहल. गोव्याचे संग्रहालय सोमवारी आणि लोथलचे शुक्रवारी बंद असते. दीवच्या नौकेवर जाता येण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. उन्हात तापलेल्या पोलादी नौकेत दुपारी फिरणे वृद्धांना झेपत नाही, म्हणून कारवारला आणि दीवला शक्यतो सकाळीच पोहोचावे, आणि मुलांना नौकेवर नेण्याआधी १९७१ ची हकीकत वाटेतच सांगून ठेवावी.