चढ-उतारांचा दिवस एवढा का दमवतो?

नमस्कार मंडळी. सायकलला सामान बांधलंय, रस्ता डोंगराळ रानातून जातोय आणि आपण म्हणतो, "आज ६० किलोमीटरच तर आहेत, तीनपर्यंत पोहोचू." संध्याकाळचे सहा वाजतात, तरी मुक्काम अजून दोन टेकड्यांपलीकडेच असतो. मांड्या भरून आलेल्या, करंगळीला मुंग्या, बोलणंही जिवावर आलेलं. हे का होतं ते आज नीट समजून घेऊ. कारण यातला बराचसा त्रास आदल्या रात्री नकाशा वाचतानाच कमी करता येतो.

[स्क्रीनवर: उंचीचे दोन आलेख, शेजारी शेजारी]

हे बघा. दोन्ही रस्ते ६० किलोमीटरचे, दोन्हींवर एकूण चढ १६०० मीटर. डावीकडे एकच मोठी खिंड, वर जायचं आणि पलीकडे उतरायचं. उजवीकडे ८० मीटरचे २० चढ आणि मधे तेवढेच उतार. बेरीज तीच. पण मला विचाराल तर उजवीकडचा दिवस कितीतरी जड.

आधी नुसत्या चढाचा खर्च बघू. तुम्ही, सायकल, पॅनिअर म्हणजे चाकांच्या बाजूला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, पाणी, सगळं मिळून १०० किलो धरा. एवढं वजन १००० मीटर वर न्यायला सुमारे ९८० किलोज्यूल काम करावं लागतं. शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल, म्हणजे १००० मीटरला साधारण १००० किलोकॅलरी. आपल्या १६०० मीटरला चढापोटीच १६०० च्या आसपास. वारा आणि खडी यांचा खर्च वेगळा. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनचा साठा असतो तो ढोबळमानाने २००० किलोकॅलरीचा. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते. ग्लायकोजेन संपलं की पाय अचानक थंडावतात, डोकंही चालत नाही. सायकलवाले त्याला बाँक म्हणतात. म्हणून पहिल्या तासापासून खात राहायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. भूक लागायची वाट बघायची नाही.

मग उतारावर हे सगळं परत मिळत नाही का? फार थोडं मिळतं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे उतारावर मिळालेला वेग हवाच खाते. त्यातून रानातला उतार सरळ नसतो. तळाशी ओढा असतो, ओढ्यापाशी वळण आणि वळणावर सुटी खडी. ब्रेक दाबावाच लागतो. हवेने खाऊन उरलेली ऊर्जा ब्रेकमध्ये तापून जाते, आणि पुढचा चढ जवळजवळ उभ्या सायकलवरून सुरू होतो. असं वीस वेळा! शिवाय किलोमीटरभराचा उतार दोन-तीन मिनिटांत संपतो. हात ब्रेकवर, नजर खडीवर, मग खायचं कधी आणि श्वास जागेवर येणार कधी? मोठ्या खिंडीत निदान एक लय सापडते आणि माथा मागे पडला की तो पडला. इथे दिवसभर चढून संध्याकाळी आपण सकाळच्याच उंचीवर असतो. हे मनाला फार लागतं.

यावर खरा उपाय म्हणजे हलका गिअर. पुढे २६ दातांची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, आणि मागच्या चकतीला ३४ दात असतील तर ७०० सी या नेहमीच्या मोठ्या मापाच्या चाकावर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.६ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सहा किलोमीटरच्या आत. ८ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ८ मीटर वर, याला १४० वॉटच्या आसपास लागतात, ते बऱ्याच जणांना तासभर जमतं. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर त्याच फेऱ्यांना २०० वॉटच्या वर जातं. पाचव्या चढापर्यंत कदाचित काही वाटणार नाही. बाराव्याला गुडघे बोलतात. टूर द फ्रान्सच्या स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेऊन गिअर बदलणारी यंत्रणा, वापरायला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोवर गिअर म्हणजे कमजोरी, असं आयोजकच म्हणायचे. ती समजूत अजून पुरती गेलेली नाही, आणि सामान लादलेल्या माणसाचं तिने फार नुकसान केलंय. दोन-तीन दात जास्त असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, घ्या, बिनधास्त घ्या. आणि चढ १५ टक्क्यांच्या वर गेला तर उतरून ढकला. वेगात फारसा फरक पडत नाही, पाठीला आणि तळहातांना मात्र आराम मिळतो.

घामाचंही असंच आहे. ताशी सहाच्या वेगाने अंगाला वारा लागत नाही, म्हणून थंड हवेतही चढावर कपडे भिजतात आणि उतारावर तोच घाम गार पडतो. छोट्या चढ-उतारांत दर वेळी जॅकेट काढा-घाला करणं शक्य नाही. त्यापेक्षा पातळ विंडचीटर अंगावरच ठेवा, चढावर त्याची झिप पूर्ण उघडी, माथ्यावर बंद.

आता नकाशा. दिवस किलोमीटरमध्ये मोजू नका, चढाच्या मीटरमध्ये मोजा. लादलेल्या सायकलवर तासाला ४०० मीटर चढ हा ठीक वेग आहे. म्हणजे १६०० मीटरला चार तास फक्त चढायलाच, उतार, सपाटी, खाणं, पाणी भरणं सोडून. आणि एक खाच लक्षात ठेवा: समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला काढलेल्या असतील तर १५ मीटरचा चढ नकाशावर कदाचित दिसणारही नाही. पायांना मात्र तो लागतोच.

दुपारी दोनच्या सुमारास पाच मिनिटं थांबा. उरलेले चढाचे मीटर बघा आणि त्यांना ४०० ने नाही, ३०० ने भागा, कारण दुपारनंतर पाय मंदावतात. आलेले तास आणि उरलेला उजेड ताडून बघा. उजेड कमी पडत असेल तर पुढचा मुक्काम विसरा आणि पाण्याजवळची, पण ओढ्याच्या पात्रापासून वर असलेली सपाट जागा तेव्हापासूनच शोधायला लागा.