वाडेकरांनी दिलेला फॉलोऑन

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, फॉलोऑन द्यावा की न द्यावा, म्हणजे पहिल्या इनिंगमध्ये खूप मागे पडलेल्या टीमला लागोपाठ दुसऱ्यांदा बॅटिंग करायला लावावी की नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, द्यावा. का द्यावा ते सांगणारच आहे, पण त्याआधी मला तुम्हाला जमैकातल्या किंग्स्टनला न्यायचंय, फेब्रुवारी १९७१, सबाइना पार्क मैदान, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज.

आपलं क्रिकेट कधी बदललं असं विचारलं की बहुतेक सगळे ८३ म्हणतात, लॉर्ड्सची बाल्कनी आणि कपिलच्या हातात कप. जरा वयस्कर मंडळी ७१ म्हणतात, पण त्यांचंही ७१ म्हणजे इंग्लंडमधलं ओव्हल, स्पिनर चंद्रशेखरच्या ३८ रनमध्ये ६ विकेट. दोन्ही मला प्राणप्रिय आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण माझं म्हणणं असं आहे की आपण बदललो ते एका ड्रॉ झालेल्या मॅचमध्ये, आणि ड्रॉ झाली एवढ्याच कारणासाठी ती मॅच कोणाला आठवत नाही, याचा मला खरंच राग येतो. रेकॉर्डमध्ये ड्रॉ म्हणजे शून्य. हायलाइट्स नाहीत, वर्धापनदिन नाहीत, काही नाही.

परिस्थिती बघा. तोपर्यंत वेस्ट इंडीजविरुद्ध आपण एकही टेस्ट जिंकलेली नव्हती. त्याआधी १९६२ मध्ये तिकडे गेलो होतो तेव्हा पाच पैकी पाच हरून आलो, आणि आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला बॉल लागून मरता मरता वाचला, ते इथे कोणाला सांगायची गरज नाही. यावेळी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंटनी स्वतःचं कास्टिंग व्होट, म्हणजे मतं समसमान झाली की अध्यक्षाचं निर्णायक मत, वापरून पतौडींच्या जागी वाडेकरांना कॅप्टन केलेलं, त्यामुळे वाडेकरांवर आधीच सगळ्यांची नजर. दिलीप सरदेसाई तर टीममध्ये येणार की नाही इथपासून प्रश्न होता, वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून आले. सुनील गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे पहिल्या टेस्टला बाहेर. आणि पहिला दिवस पूर्ण पावसात, एकही बॉल पडला नाही. हे पावसाचं लक्षात ठेवा.

मग आपली बॅटिंग, ७५ वर ५ आउट. म्हणजे नेहमीचंच चाललंय असं रेडिओवर ऐकणाऱ्याला वाटणार. तिथे सरदेसाई उभे आणि जोडीला एकनाथ सोलकर. एक्कीचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे माळी, घर मैदानावरच, एक खोली. त्या खोलीतून निघालेला पोरगा विंडीजचा कॅप्टन गॅरी सोबर्सच्या टीमसमोर ६१ करतो, दोघांची १३७ ची पार्टनरशिप होते, आणि पुढे नवव्या विकेटला प्रसन्ना येऊन सरदेसाईंबरोबर १२२ जोडतो, स्वतः फक्त २५ करून! सरदेसाई २१२. मडगावात जन्मलेला माणूस जमैकात विंडीजची बॉलिंग फोडतोय. टोटल ३८७.

(इथे एक सांगतो, पुण्यात बसलोय म्हणून मुद्दाम. त्या सीझनला मुंबईचे पाच जण, वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड, विंडीजमध्ये होते. उरलेली टीम घेऊन सुधीर नाईकांनी रणजी फायनल खेळली आणि जिंकली. कोणाला हरवून? आपल्या महाराष्ट्राला. हसू नका, इथे काही जणांना अजून दुखतं ते.)

तर विंडीज २१७ ला ऑलआउट झाली, स्पिनर्सनी गुंडाळली. लीड १७०. आता पाच दिवसांच्या मॅचमध्ये फॉलोऑन द्यायला २०० ची लीड लागते, त्यामुळे विंडीजचे लोक निवांत. पण नियम काय म्हणतो, पहिला दिवस पूर्ण वाया गेला तर उरलेल्या दिवसांची मॅच धरायची, म्हणजे चार दिवसांची, आणि चार दिवसांच्या मॅचला १५० पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. ते उठले, विंडीजच्या ड्रेसिंगरूमपाशी गेले आणि सोबर्सला सांगितलं, तुम्हाला परत बॅटिंग करायची आहे. सोबर्सला! विंडीजच्या घरी! जगातला सगळ्यात मोठा क्रिकेटर समोर आहे, आपण त्यांना कधी हरवलेलं नाही, कॅप्टन म्हणून ही पहिली टेस्ट, आणि हा दादरचा शांत माणूस, आवाज न चढवता, नियमावर बोट ठेवून सांगतो की पुन्हा पॅड बांधा. नियमाचं पुस्तक सगळ्यांकडेच असतं हो, ते ऐनवेळी आठवणं आणि आठवल्यावर तसं वागणं, यात सगळं आलं.

पुढे कन्हायने नाबाद १५८ केले, सोबर्सने ९३, विंडीज ५ बाद ३८५, मॅच ड्रॉ. बरोबर आहे, जिंकलो नाही. पण पुढच्या टेस्टला पोर्ट ऑफ स्पेनला मॅचचा पहिलाच बॉल आबिद अलीने टाकला आणि फ्रेडरिक्स बोल्ड. दुसऱ्या इनिंगमध्ये दुराणीने लॉइडला काढलं आणि सोबर्सला शून्यावर बोल्ड केलं, सात विकेटने जिंकलो, सिरीज १-० ने घेतली. सुनीलचे त्या सिरीजमध्ये चार टेस्टमध्ये ७७४ सगळ्यांना पाठ आहेत, सरदेसाईंचे ६४२ कितीजणांना? हात वर करा. बघा, चारच.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं. मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

आजकालचे कॅप्टन फॉलोऑन देत नाहीत कारण त्यांच्या मनात कोलकाता २००१ आहे. आपण १७१ ला ऑलआउट, स्टीव्ह वॉकडे २७४ ची लीड, त्याने फॉलोऑन दिला, मग लक्ष्मण २८१, द्रविड १८०, आख्खा चौथा दिवस एक विकेट नाही, आणि सलग १६ जिंकलेली ऑस्ट्रेलिया १७१ रनने हरली. पण जवळजवळ दीडशे वर्षांच्या टेस्ट क्रिकेटमध्ये फॉलोऑन मिळालेली टीम जिंकलीय फक्त चारदा. १८९४ सिडनी, १९८१ हेडिंग्ले, कोलकाता, आणि २०२३ वेलिंग्टन, जिथे न्यूझीलंड एका रनने जिंकली. त्यातही सिडनीला तर ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टनला पर्यायच नव्हता, तेव्हा फॉलोऑन सक्तीचा होता, ऐच्छिक झाला १९०० मध्ये. म्हणजे स्वतःहून देऊन हरलेले कॅप्टन तीन. तीन!

बॉलर दमतात हे कारण देतात. ते काही वेळा खरं असतं, लागोपाठ टेस्ट असतात, ऊन असतं, मान्य. पण कोलकात्यात फॉलोऑन दिला तेव्हा ऑस्ट्रेलियाने फक्त साठेक ओव्हर टाकल्या होत्या. मॅक्ग्राथ, गिलेस्पी, वॉर्न, त्या वेळी कोण दमलं होतं? वॉचा निर्णय बरोबरच होता, लक्ष्मण त्याहून भारी खेळला इतकंच.

आणि न देण्याची किंमत कोणी मोजत नाही. ओव्हल २००७ घ्या. आपण ६६४, इंग्लंड ३४५, लीड ३१९, सिरीजमध्ये आपण १-० पुढे. द्रविडने फॉलोऑन दिला नाही. द्रविडबद्दल मला अतोनात आदर आहे, ती सिरीज जिंकली, १९८६ नंतर इंग्लंडमध्ये पहिल्यांदा, ते श्रेय त्याचंच. पण त्या दुसऱ्या इनिंगमध्ये त्याने स्वतः ९६ बॉलमध्ये १२ रन केले, आणि मॅच संपली तेव्हा इंग्लंड ६ बाद ३६९ वर होती. चार विकेट बाकी होत्या आणि वेळ संपला होता. दुसऱ्यांदा बॅटिंग करण्यात जी सेशन्स गेली ती हातात असती तर ती सिरीज २-० झाली असती असं मला आजही वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी आता प्रश्न विचारा, माइक मागे पाठवा.