सर्व्हरवरचे पॅकेज काढताना आणि मागे नेताना

अनेक लिनक्स सर्व्हर एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्यांशी आज मला ज्या दोन कामांविषयी बोलायचे आहे, ती म्हणजे बसवलेले पॅकेज (एकत्र बांधून दिलेले सॉफ्टवेअर) काढणे आणि अद्ययावत केलेले पॅकेज जुन्या आवृत्तीवर नेणे.

सर्व्हरवर काय असावे हे फाइलीत लिहून ते आपोआप अमलात आणणारी पपेट किंवा ॲन्सिबल ही साधने वापरणाऱ्यांमध्ये एक समज फार घट्ट बसलेला आढळतो. संरचनेच्या फाइलीतून पॅकेजची ओळ खोडली की ते सर्व्हरवरूनही जाईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ओळ खोडल्याने एवढेच होते की ते साधन त्या पॅकेजची दखल घेणे सोडून देते. पॅकेज जागच्या जागी राहते, त्याची सेवा चालू राहते, तिचे पोर्ट (नेटवर्कवरून जोडले जाण्याचे दार) उघडे राहते; आणि पुढच्या महिन्यात उभारलेल्या सर्व्हरवर ते नसल्यामुळे, कागदोपत्री एकसारखी असलेली दोन यंत्रे वेगळी वागू लागतात. म्हणून पॅकेज नको असेल तर ते नको असल्याचे लिहूनच सांगावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही साधनांत ‘ॲब्सेंट’ ही अवस्था दिलेली आहे. ही नोंद काही सर्व्हरवर अमलात आली म्हणून लगेच पुसू नये. त्या काळात बंद असलेला एखादा सर्व्हर पुन्हा चालू होईल तेव्हा त्यालाही ती वाचायला मिळाली पाहिजे.

काढण्याचेही प्रकार आहेत. डेबियन आणि उबुंटूवर ‘रिमूव्ह’ केले तर पॅकेजच्या कॉन्फिगरेशन फाइली मागे राहतात आणि डीपीकेजी या तिथल्या पॅकेज साधनाच्या यादीत त्या पॅकेजपुढे ‘आरसी’ ही अक्षरे दिसतात. त्या फाइलीही जायला हव्या असतील तर ‘पर्ज’ करावे लागते. रेड हॅटच्या परिवारात, तुम्ही बदललेली कॉन्फिगरेशन फाइल सहसा ‘आरपीएमसेव्ह’ या शेपटासह जपून ठेवली जाते. शिवाय एखादी लायब्ररी काढली की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही निघतात, आणि स्वयंचलित आज्ञेत ‘हो’ आधीच देऊन ठेवलेले असल्यामुळे ती यादी कोणी वाचत नाही. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्ट या साधनाला केवळ सराव करून दाखवण्याचा पर्याय आहे. निदान एका सर्व्हरवर तो चालवून यादी डोळ्यांखालून घालावी, असा माझा आग्रह आहे.

आवृत्ती मागे नेणे याहून अवघड, कारण पॅकेज व्यवस्था फाइली परत आणते, विदा (डेटा) नाही. डेबियन अशा उलट प्रवासाला अधिकृत पाठबळ देत नाही. पॅकेजसोबतच्या स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात. मायएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण घ्या. आवृत्ती ८.० ने ५.७ ची डेटा डिरेक्टरी एकदा नव्या रचनेत नेली की त्याच डिरेक्टरीवर ५.७ पुन्हा चालवता येत नाही. तेथे अद्ययावत करण्यापूर्वी घेतलेला बॅकअप हाच परतीचा मार्ग असतो. जुने पॅकेज मिळेलच असेही नाही, कारण पॅकेजेस पुरवणाऱ्या बऱ्याच भांडारांत नवी आवृत्ती आली की आधीची निघून जाते. वापरात असलेल्या आवृत्त्या स्वतःच्या मिररवर (भांडाराच्या आपल्याकडच्या प्रतीत) राखून ठेवणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय.

एवढे सगळे जमले, तरी हाताने केलेला बदल टिकत नाही. पपेटमध्ये ते पॅकेज ‘लेटेस्ट’ म्हणून नोंदलेले असेल, तर दर ३० मिनिटांनी फेरी मारणारा त्याचा एजंट पुढच्याच फेरीत नवी आवृत्ती परत बसवतो, आणि दुरुस्त झालेली सेवा कोणी हात न लावता पुन्हा बिघडली असे दिसते. त्यामुळे नेमकी आवृत्ती संरचनेतच लिहावी. ॲप्टच्या पसंतिक्रमात १००० किंवा त्याहून अधिक गुण दिले, तर खालची आवृत्ती बसवायलाही परवानगी मिळते. त्यानंतर ‘होल्ड’ने, किंवा रेड हॅटच्या परिवारातल्या डीएनएफ या साधनावर ‘व्हर्जनलॉक’ने ती रोखून धरता येते. मात्र असे रोखलेले पॅकेज सुरक्षा दुरुस्त्यांनाही मुकते, म्हणून ते कोणत्या दोषामुळे रोखले, कोणी रोखले आणि कोणत्या तारखेला त्याचा फेरविचार व्हायचा आहे, हे त्या नोंदीला लागूनच लिहिलेले असावे.