मार्चमधलं नाव, नोव्हेंबरमधलं वेळापत्रक

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी तरी ऑफिसात ब्रॅकेट, म्हणजे निकालांच्या अंदाजाचा तक्ता, भरलेलं असणार. त्यामुळे मार्च मॅडनेस म्हणजे अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची मार्चमधली बाद स्पर्धा आणि सीड म्हणजे तिच्या चार गटांतलं 1 ते 16 मानांकन, एवढंच सांगून पुढे जातो. लहान कॉलेजाने बलाढ्य संघाला हरवलं की तीन दिवस सगळीकडे त्याचंच नाव असतं, हेही तुम्ही पाहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते नाव पुढे टिकतं की नाही हे नोव्हेंबर-डिसेंबरच्या वेळापत्रकावर ठरतं, आणि ते वेळापत्रक आदल्या एप्रिल ते जुलैमध्ये फोनवर ठरलेलं असतं. आज मुख्यतः गोन्झागा या कॉलेजाबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी शॅमिनाड. शॅमिनाड टाळून हा विषय सांगणं मला जमणार नाही.

हवाईतल्या होनोलुलूचं हे कॅथलिक कॉलेज, विद्यार्थी तेव्हा हजाराच्या आत. 1982 साली ते एनसीएए या मुख्य कॉलेज क्रीडासंघटनेच्या पहिल्या श्रेणीत सोडाच, एनसीएएतच नव्हतं. एनएआयए नावाच्या लहान कॉलेजांच्या संघटनेत होतं. कोच मर्व लोपेस यांची ती अर्धवेळ नोकरी, पोटापाण्याचं मुख्य काम शाळेत समुपदेशकाचं. त्या डिसेंबरात व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ जपानहून परतताना वाटेत हवाईला थांबला. देशात पहिला क्रमांक, एकही सामना हरलेला नाही, आणि मध्यभागी 7 फूट 4 इंचांचा राल्फ सॅम्पसन.

23 डिसेंबरची रात्र, ब्लेझडेल सेंटर, साडेतीन हजारांच्या आत प्रेक्षक. सॅम्पसनवर नेमलेला टोनी रँडॉल्फ त्याच्यापेक्षा बराच बुटका, पण मूळचा व्हर्जिनियाचाच. शाळेच्या दिवसांपासून त्याला सॅम्पसनचा खेळ ठाऊक होता. रँडॉल्फ स्वतः मात्र बास्केटपासून लांब उभा राहून फेकायचा. आता मोठ्या सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, अडचण बघा. तो रिंगखाली थांबला तर समोरचा मोकळा राहतो. बाहेर आला तर रिंग उघडी पडते आणि इतरांना आत घुसायला वाट मिळते. रँडॉल्फने 19 गुण केले. सॅम्पसनने 17 रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू, घेतले, पण गुण 12च. शॅमिनाड 77, व्हर्जिनिया 72.

टीव्हीवर हा सामना नव्हता. हवाईत रात्र असताना पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र केव्हाच उलटून गेलेली. दोन्हींच्या घड्याळात हिवाळ्यात पाच तासांचं अंतर. सकाळच्या बऱ्याच वर्तमानपत्रांची पानं तोवर छापून झाली होती. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधला बहुधा सर्वांत मोठा धक्का, आणि देशाने तो पाहिलाच नाही. आजच्या हिशेबाने शॅमिनाडचं नाव आठवड्याभरात विरून जायला हवं होतं.

ते विरलं नाही, कारण त्या विजयातून एक तारीख उभी राहिली. 1984 मध्ये शॅमिनाडच्या यजमानपदाखाली हवाईतल्याच माउई बेटावरची स्पर्धा सुरू झाली. पुढे ती आठ संघांची झाली: मुख्य भूमीवरून सात दिग्गज आणि आठवं शॅमिनाड. जागा लाहायना सिव्हिक सेंटर, जेमतेम 2400 खुर्च्यांची. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, बाहेर थंडी पडायला लागलेली असताना, लोक टीव्हीवर ड्यूक, नॉर्थ कॅरोलिना, कॅन्सस बघतात आणि त्यांच्या शेजारी शॅमिनाडचं नाव लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा शॅमिनाड हरतं. पण 2003 मध्ये व्हिलानोव्हाला, 2010 मध्ये ओक्लाहोमाला, 2012 मध्ये टेक्ससला त्यांनी हरवलंही आहे. 2018 पासून मुख्य स्पर्धेत ते वर्षाआड खेळतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये लाहायना आगीत होरपळलं, तेव्हा त्या वर्षीची स्पर्धा होनोलुलूला झाली. शॅमिनाड आजही दुसऱ्या श्रेणीतच आहे, आणि तरी बास्केटबॉल बघणाऱ्या माणसाला ते नाव माहीत असतं.

आता याच्या शेजारी सेंट पीटर्स ठेवा. जर्सी सिटीचं कॉलेज, 2022, पंधरावं सीड. केंटकीला जादा वेळेत 85-79, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला 67-64 असं हरवलं. पंधराव्या सीडने शेवटच्या आठात जाण्याची ती पहिलीच वेळ. नॉर्थ कॅरोलिनाकडून हरल्यावर काही दिवसांत कोच शहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा खेळाडूंना आदल्याच वर्षी मिळाली होती. संघातले मुख्य खेळाडूही पांगले. दोष कोणाचाच नाही. चांगला पगार, मोठं मैदान मिळालं तर माणूस जाणारच. पैशाचं म्हणाल, तर अंतिम सोडून स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यामागे एक युनिट, म्हणजे पैशाचा एक वाटा, मिळतं, सहा वर्षांत मिळून साधारण 20 लाख डॉलर. ते कॉलेजाच्या हातात पडत नाही, कॉन्फरन्सकडे, म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाकडे, जातं. सेंट पीटर्सने चार युनिटं मिळवली आणि त्यांची कॉन्फरन्स अकरा कॉलेजांची होती.

इथे माझ्या मनातली खरी खंत सांगतो. लहान कॉलेजाकडे वर्षाला साधारण 31 सामने असतात. त्यातले 18 ते 20 स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये जातात, उरतात अकरा ते तेरा. हेच कमाईचे आणि हेच नाव करण्याचे. मोठा संघ फोन करतो: आमच्याकडे या, 90 हजारांच्या आसपास डॉलर देतो, परतीचा सामना मिळणार नाही. याला बाय गेम म्हणतात. कॉलेजाच्या क्रीडा खात्याला ते पैसे हवेच असतात, त्यातून पोहण्याचा आणि धावण्याचा संघ चालतो. मग अशा पाच-सहा सहली होतात. विमान, बस, मोटेल, परीक्षेच्या तोंडावर तिसरा प्रवास, आणि जानेवारी उजाडेपर्यंत दोन विजय, दहा पराभव. मुलांचा धीर सुटतो. पुढे कॉन्फरन्स जिंकली तरी सीड सोळावं मिळतं, आणि मुख्य फेरीत शिरण्यासाठी आधी डेटनला जाऊन आणखी एक सामना खेळावा लागतो.

यात नेटचं गणित मिसळा. 2018-19 पासून मार्चच्या स्पर्धेची निवड समिती आरपीआय ही जुनी क्रमवारी सोडून नेट ही क्रमवारी वापरते. सर्वांत मोलाचा विजय म्हणजे क्वाड वन: घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधला संघ, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 मधला, परक्या मैदानावर पहिल्या 75 मधला. लहान कॉलेजाच्या घरी पहिल्या 30 मधला कोण येणार? जिंकला तर फारसं काही मिळत नाही, हरला तर बदनामी. म्हणून ते येत नाहीत, आणि क्वाड वनचा एक दरवाजा कायमचा बंद राहतो. 2024 चं इंडियाना स्टेट आठवा: 28 विजय, 6 पराभव, नेटमध्ये पहिल्या 30 मध्ये. अलाबामा आणि मिशिगन स्टेटशी खेळले, पण दोघांच्याही घरी, आणि हरले. क्वाड वनचा रकाना जवळजवळ रिकामा. कॉन्फरन्सची अंतिम लढत ड्रेककडून गमावली आणि स्पर्धेच्या 68 संघांत जागा मिळाली नाही. हा अन्याय आहे असं मी मानतो. ज्याला संधीच दिली नाही त्याला संधीचं सोनं का केलं नाहीस असं विचारता येत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. म्हणजे गोन्झागा धावत सांगावं लागणार.

स्पोकेन, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला. जेझुइट कॉलेज, प्रसिद्ध खेळाडू जॉन स्टॉकटनचं. 1995 पर्यंत या स्पर्धेत पाऊल नाही. 1999 मध्ये दहावं सीड घेऊन मिनेसोटा आणि स्टॅनफर्डला हरवलं, मग केसी कॅल्व्हरीने अगदी शेवटी हुकलेला चेंडू हवेतच आत ढकलला आणि फ्लोरिडाला, 73-72. शेवटच्या आठात कनेक्टिकटकडून पाच गुणांनी हार. कोच डॅन मॉनसन लगेच मिनेसोटाला गेले, म्हणजे इथवर गोष्ट सेंट पीटर्सचीच. फरक पुढे आहे. बाहेरून कोच शोधण्याऐवजी दहा वर्षं तिथेच असलेल्या मार्क फ्यू यांना बढती दिली. खेळण्याची पद्धत, शाळांतल्या कोचांशी ओळखी, खेळाडू, सगळं जागेवर राहिलं. 2000 मध्ये दहाव्या आणि 2001 मध्ये बाराव्या सीडवरून पुन्हा शेवटच्या सोळात.

मग 2002. एपी वृत्तसंस्थेच्या देशभरच्या क्रमवारीत सहावे, आणि समितीने सीड दिलं सहावं. सहावं सीड म्हणजे देशात एकविसावा ते चोविसावा संघ. पहिल्याच सामन्यात वायोमिंगकडून हरले. कारण सरळ होतं: विजय भरपूर, पण कोणाविरुद्ध? त्यामुळे जो खेळायला तयार आहे त्याच्याशी, कुठेही, हे त्यांचं धोरण पक्कं झालं. चार हजारांच्या जुन्या जिममध्ये मोठे येत नाहीत ना, मग सामना सिएटलच्या मोठ्या मैदानात ठेवायचा. स्पोकेनहून तब्बल 280 मैल, पण पाहुण्याला मोठं शहर, विमानतळ, तटस्थ मैदान. 2005 च्या डिसेंबरात तिथेच अ‍ॅडम मॉरिसनने अगदी शेवटी बोर्डावर आपटून घातलेला तीन गुणांचा फटका ओक्लाहोमा स्टेटविरुद्धचा सामना 64-62 ने जिंकून गेला. माउईसारख्या स्पर्धाही यासाठीच: तीन दिवसांत तीन तटस्थ सामने. टीव्हीवर रात्री उशिराची वेळ कोणालाच नको असते. त्यांच्या कॉन्फरन्सने ती घेतली. पूर्वेला अकरा-बाराला टीव्ही लावणाऱ्याला दुसरा सामनाच नसायचा.

2004 मध्ये सहा हजार खुर्च्यांचं नवं मैदान. मुद्दाम लहान ठेवलेलं, म्हणजे रिकामं दिसत नाही आणि तिकीट मिळणं कठीण राहतं. खेळाडूंसाठी परदेश: फ्रान्सचा तुरियाफ, पोलंडचा कार्नोव्स्की, लिथुआनियाचा साबोनिस, जपानचा हाचिमुरा. केली ऑलिनिक तर दोन वर्षं खेळून झाल्यावर एक पूर्ण हंगाम बाहेर बसला, फक्त ताकद आणि पायांच्या हालचालींवर काम केलं, आणि परतला तो देशातल्या सर्वोत्तमांत. आता बदलीची मुभा इतकी सैल झाली आहे की असा वर्षभर थांबणारा खेळाडू मिळणं अवघड. पुढे 2017 आणि 2021 चे अंतिम सामने. दोन्ही हरले.

डेव्हिडसन कॉलेजाचं एका दमात. 2007 च्या हिवाळ्यात स्टेफन करीचा संघ नॉर्थ कॅरोलिनाकडून चार गुणांनी, ड्यूककडून सहा गुणांनी, एनसी स्टेटकडून एका गुणाने हरला. यूसीएलएकडूनही हरला. दहा सामन्यांनंतर 4-6. नंतर सलग 22 विजय, दहावं सीड, आणि मार्चमध्ये जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन यांच्यासमोर उभं राहताना त्या मुलांना काहीच नवं नव्हतं. डेट्रॉइटच्या सामन्याला कॉलेजाच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या बस, तिकीट, हॉटेलचा खर्च उचलला.

बटलर या कॉलेजाबद्दल विचारलं होतं कोणीतरी. 2010 आणि 2011 चे दोन अंतिम सामने, दोन्ही हरले, तरी कोच ब्रॅड स्टीव्हन्स 2013 पर्यंत राहिले. त्या अवधीत कॉलेजाने कॉन्फरन्स दोनदा बदलून बिग ईस्ट ही मोठ्या संघांची कॉन्फरन्स गाठली. मोठे संघ आता दरवर्षी हिंकल फील्डहाउसला, बटलरच्या घरच्या मैदानात, येतात, यावंच लागतं, कारण ते कॉन्फरन्सचे सामने आहेत.

आणि ज्याला कॉन्फरन्स बदलता येत नाही, त्याने गोन्झागाने 2018 मध्ये केलं ते बघावं. सोडून जाण्याची बोलणी एकीकडे चालू ठेवली आणि दुसरीकडे स्वतःच्याच कॉन्फरन्सकडून सामने 18 वरून 16 करून घेतले. कमकुवत संघांशी होणारे दोन सामने गळले आणि डिसेंबरात दोन जागा रिकाम्या झाल्या. त्या दोन जागांसाठी फोन कोणाला करायचा, ते एप्रिलमध्येच ठरवावं लागतं. ऑगस्ट उजाडला की मोठ्यांच्या तारखा भरलेल्या असतात आणि उरतात फक्त बाय गेम.

चला, प्रश्न असतील तर घेऊ.