पिशवी ठेवली की काढली?

नमस्कार मैत्रिणींनो. येळ्ळूर, कंग्राळीपासून खानापूर-निपाणीपर्यंत ऐकणाऱ्या सगळ्यांना. बाहेर थंडी, मालक गोधडी ओढून झोपलेत आणि तुम्ही मात्र घामाघूम होऊन पंखा लावायला उठताय, असं होतंय का? होत असेल तर पुढची पाच मिनिटं तुमची.

आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उष्म्यानंही अंगातून वाफा निघतात. झोप मोडते, लघवीला जळजळतं, खाली कोरडेपणा येतो. हे शेवटचं तर कुणी जावेलाही सांगत नाही.

या वाफांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. मग बायका घाबरतात कशाला? 2002 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला आणि ‘हार्मोनने कॅन्सर’ ही बातमी जगभर पसरली. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं! पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, वय साठीच्या आत असेल, तर बहुतेकींना फायदा जास्त, धोका कमी. अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉन, ही दोन्ही हार्मोन वर्षानुवर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो.

आता माझा नेहमीचा प्रश्न. गर्भाशयाची पिशवी आहे की काढली? पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं, पुढे कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. पिशवी काढलेलीला सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. म्हणूनच शेजारणीची गोळी मागून घेऊ नका. ती तिच्या पिशवीच्या हिशोबाची असते.

‘डॉक्टर, सगळंच काढलंय,’ असं कितीजणी सांगतात! सगळं म्हणजे काय? अंडाशयंही काढली असतील तर पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. अशी बाई चाळिशीची असेल तर, दुसरी अडचण नसल्यास, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावंच लागतं. हाडांसाठी आणि हृदयासाठीही.

स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार, यातलं काही झालं असेल तर आधी सांगा. गुठळीच्या दृष्टीने गोळीपेक्षा कातडीला लावायचं जेल बरं. नुसता कोरडेपणा असेल तर योनीत लावायची क्रीम पुरते, ती रक्तात फारशी उतरत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी हार्मोनचं राहू दे, आधी तपासून घ्या.

डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर ‘मुट्टु निंतदरी’, म्हणजे पाळी थांबलीय, एवढं म्हणा, पुढचं ते विचारतील. ऑपरेशनचा कागद तेवढा बरोबर न्या. नसला तर पिशवी आहे की नाही हे सोनोग्राफीत दिसतं, पण आधी ट्रंकेतल्या साड्यांखाली बघा.