केबल काढून परत लावली की नेटवर्क बंद : दिवे चालू, पिंग बंद, मग बिघडलंय कुठे?

नमस्कार मंडळी! ही केबल बघा. [केबल कॅमेऱ्याजवळ] साधी कॅट-सिक्स, क्लिप शाबूत, कुठे मुरगळलेली नाही. ही मी या बोर्डात लावते, टक् आवाज आला, आता दोन-तीन सेकंद थांबा, दोन्ही बाजू स्पीड ठरवतायत... हा, हिरवा दिवा लागला, पिवळा लुकलुकायला लागला, स्क्रीनवर पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून येणारं उत्तर, चालू. आता काढते. दिवे गेले. परत लावते. टक्. हिरवा आला, पिवळा पण आला. आणि पिंग? बंद. दिवे चालू आणि पिंग बंद.

आजचा अख्खा व्हिडिओ एवढ्या एका गोष्टीवर आहे, कारण यात माझे जवळजवळ दोन आठवडे गेलेत आणि यातून जे कळलं ते मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

झालं असं की भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आमचा हा छोटा लिनक्स बोर्ड एका मशीनवर बसवलाय, तो दर सेकंदाला रीडिंग ऑफिसच्या सर्व्हरला पाठवतो. तक्रार आली ती "संध्याकाळी डेटा मध्येच गायब होतो" अशी. आम्ही सर्व्हर तपासला, स्विच तपासला, केबल बदलून झाली. मग एकदा संध्याकाळी तिथेच थांबले तेव्हा दिसलं, मशीन पुसणारे काका कूलंट उडू नये म्हणून रोज केबल काढून ठेवतात, पुसून झालं की लावतात, आणि मेन स्विच एकदा बंद करून चालू करतात. का, तर "तसं केलं की चालतं, ताई." ज्या दिवशी मेन स्विच करायचा राहिला त्या दिवशी डेटा गायब. म्हणजे काकांना दुखणं पण माहीत होतं आणि औषध पण, फक्त त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता पहिली गोष्ट, आणि यावर मी जरा अडून बसणार आहे. असं काही दिसलं की लगेच रीबूट करू नका. ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्कची चिप चालवणारा लिनक्समधला कोड, काढून परत टाकू नका. आणि इंटरफेस, म्हणजे लिनक्सला दिसणारं ते नेटवर्क पोर्ट, कमांडने डाऊन करून अप तर मुळीच करू नका, कारण आपल्याला वाटतं की हे केबल काढण्यासारखंच आहे, पण ते तसं नाहीये. इंटरफेस डाऊन-अप केला की ड्रायव्हर त्याचं सगळं मांडलेलं सामान मोडून नव्याने मांडतो, मेमरी नवी, रिंग नवी (रिंग म्हणजे काय ते पुढे येतंच), सगळं शून्यापासून. केबल काढल्यावर यातलं काहीच होत नाही, सामान आहे तसंच राहतं, फक्त पलीकडचा माणूस गेलेला असतो. आम्ही पहिले चार दिवस टेबलावर डाऊन-अप करून टेस्ट करत होतो आणि सगळं छान चालत होतं. चालणारच ना, ज्या रस्त्यावर खड्डा होता त्या रस्त्याने आम्ही गेलोच नव्हतो.

पण नेटवर्कच गेलंय तर आत शिरायचं कसं? सीरियल कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट वायरीने बोर्डावर लॉगिन. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून यूएसबी-टू-सीरियलची छोटी पट्टी आणा, तीन वायरी, टीएक्स आरएक्स ग्राउंड, बोर्डाचा व्होल्टेज ३.३ आहे का ते आधी बघा, आणि ११५२०० वर लॉगिन करा (बहुतेक बोर्डांना हाच स्पीड असतो). नेटवर्क ड्रायव्हर डीबग करणाऱ्याकडे हे पाहिजेच.

आता आत काय बघायचं. "लिंक अप आहे" हे वाक्य आपण एकच समजतो, पण आत ते तीन जण वेगवेगळं म्हणतात. एक फाय, म्हणजे जी चिप प्रत्यक्ष तांब्याच्या तारेवरचे सिग्नल बघते. दुसरा मॅक, जो पॅकेट मेमरीतून उचलून फायकडे देतो. आणि तिसरा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याच्याकडे कॅरियर, म्हणजे लिंक, आहे की नाही अशी एक नोंद असते. केबल लावली की फायला कळतं, फायकडून ड्रायव्हरला कळायला पाहिजे, ड्रायव्हरने मॅकला नव्या स्पीडवर लावलं पाहिजे. या साखळीत एक जण जरी जुन्याच माहितीवर बसला तरी हिरवा दिवा लागतो आणि काम होत नाही, कारण दिवा बहुतेक वेळा फायच लावतो. तो पहिल्या माणसाचं मत सांगतो, बाकी दोघांचं नाही.

फायपासून सुरू करू. फायचं स्टेटस रजिस्टर (रजिस्टर म्हणजे चिपमधली आकडा ठेवायची छोटी जागा), नंबर १, त्यातला बिट २ म्हणजे लिंक. इथे एक गंमत आहे जी आयट्रिपलई ८०२.३ या इथरनेटच्या स्टँडर्डमध्येच लिहिलेली आहे, हा बिट लॅच होतो, म्हणजे अडकून राहतो. मिस्ड कॉल कसा, समोरच्याने कधीच फोन ठेवलेला असतो पण तुम्ही बघेपर्यंत तो स्क्रीनवर तसाच राहतो? अगदी तसं. लिंक एकदा गेली की हा बिट शून्यावर अडकतो आणि कुणीतरी वाचेपर्यंत शून्यच राहतो, मधल्या काळात लिंक परत आली असली तरी. म्हणजे पहिल्यांदा वाचाल तर जुनी बातमी, दुसऱ्यांदा वाचाल तर आत्ताची. [स्क्रीनवर : पहिलं वाचन ०, दुसरं वाचन १] ज्या ड्रायव्हरने हे स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि इंटरप्ट, म्हणजे चिपची हाक, आल्यावर एकदाच वाचलंय, तो केबल परत लावल्यावर "लिंक नाही" असं धरून बसू शकतो. कर्नलची फाय लायब्ररी वापरली तर ती हे सांभाळते, आणि इंटरप्ट नसेल तर दर सेकंदाला स्वतः विचारते. आमचा पहिला संशय यावरच होता, एक दिवस गेला, पण आमचा ड्रायव्हर लायब्ररीच वापरत होता. फाय निर्दोष.

कर्नलचं मत बघायला सिस-क्लास-नेट खाली इंटरफेसच्या फोल्डरमध्ये कॅरियर नावाची फाइल आहे, त्यात १ होता. तिथेच कॅरियर-चेंजेस नावाची दुसरी फाइल असते, लिंक जितक्या वेळा आली-गेली तितका आकडा. तिचं नाव लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे. इथटूल या कमांडमध्ये स्पीड १००० (एमबीपीएस, म्हणजे गिगाबिट) दिसत होता, पलीकडे पण १०००. हे पण जुळवून बघायचंच, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच, त्यामुळे एखादी तार सैल असेल तर दुसऱ्यांदा लावताना फाय १०० वर उतरू शकतो आणि ड्रायव्हरने मॅकला ते सांगितलंच नाही तर मॅक १००० च्याच तालावर राहतो. आमच्याकडे तेही नव्हतं.

मग उरला मॅक. इथे खरी मजा आली. बोर्डावर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, लावला तर एआरपी रिक्वेस्ट ('हा आयपी पत्ता कुणाचा?' असा प्रश्न) बाहेर जाताना दिसतायत, सेकंदाला एक. पलीकडे लॅपटॉपवर टीसीपीडंप लावला तर त्या आलेल्याच नाहीत. लॅपटॉपकडून आलेलं मात्र बोर्डाला सगळं दिसतंय, म्हणून तर पिवळा दिवा लुकलुकत होता. लक्षात घ्या, टीसीपीडंपला जाणारं पॅकेट दिसतं ते ड्रायव्हरच्या हातात देण्याच्या अगदी आधी. तिथे दिसलं म्हणजे तारेवर गेलं असा अर्थ होत नाही. पण एक नक्की कळलं, कर्नलची क्यू, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांची रांग, अडलेली नाही. ती अडली असती तर पॅकेट टीसीपीडंपपर्यंत पण आलं नसतं, टीसी या कमांडच्या आकडेवारीत बॅकलॉग वाढत गेला असता. मग दोन आकडे शेजारी ठेवले : कर्नलचा टीएक्स, म्हणजे पाठवलेल्या पॅकेटांचा, काउंटर वाढतोय, आणि इथटूल हायफन मोठा एस मध्ये हार्डवेअरचा स्वतःचा काउंटर जागचा हलत नाहीये. म्हणजे पॅकेट ड्रायव्हर आणि मॅकच्या मध्ये कुठेतरी पडून आहेत.

आता वर्कशॉपमध्ये दिसणारं सगळ्यात विचित्र लक्षण सांगते. काही वेळा मेन स्विच न करताही ते आपोआप चालू व्हायचं. कधी १० सेकंदांत, कधी दोन मिनिटांनी, कधी चार मिनिटांनी. आणि चालू झाल्यावर थोडा वेळ चालून परत पाचेक सेकंद अडकायचं, लॉगमध्ये "ट्रान्समिट क्यू टाइम्ड आऊट" असा मोठा लाल मेसेज, आणि मग मात्र पुढच्या वेळी केबल काढेपर्यंत सुरळीत. सगळे त्या मेसेजच्या मागे लागले होते, मी पण.

रहाटगाडगं डोळ्यासमोर आणा. गोल चाक, त्याला २५६ पोहरे. मॅकला पॅकेट द्यायची रिंग अशीच असते. ड्रायव्हर पुढच्या रिकाम्या पोहऱ्यात पॅकेट ठेवतो आणि त्यावर खूण करतो, "हा आता तुझा". मॅक मागून येतो, खूण असलेला पोहरा रिकामा करतो, खूण पुसतो, पुढे जातो. खूण नसली तर तिथेच थांबून राहतो. दोघांनी आपापली जागा लक्षात ठेवायची, बाकी काही नाही.

मी ड्रायव्हरमध्ये प्रिंट टाकली, तीन आकडे : ड्रायव्हर कुठे भरतोय, ड्रायव्हरच्या मते शेवटचं रिकामं कुठपर्यंत झालंय, आणि मॅकच्या रजिस्टरप्रमाणे मॅक आत्ता कोणत्या पोहऱ्यापाशी उभा आहे. केबल काढायच्या आधी तिन्ही १३७. केबल परत लावल्यावर पहिले दोन १३७, आणि तिसरा... मॅकच्या रजिस्टरमधला पत्ता आणि रिंगच्या सुरुवातीचा पत्ता, दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत एकसारखे. म्हणजे मॅक पोहरा नंबर शून्यापाशी उभा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

कारण असं की लिंक गेल्यावर आमचा ड्रायव्हर मॅकचं ट्रान्समिट बंद करायचा आणि लिंक आल्यावर चालू करायचा. वरवर बघता चांगलंच वाटतं. पण काही मॅक असे आहेत की ट्रान्समिट बंद केलं की त्यांचा पॉइंटर रिंगच्या सुरुवातीला परत जातो, आणि ते डेटाशीटमध्ये रजिस्टरच्या वर्णनात एका ओळीत लिहिलेलं असतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ती ओळ धरली नव्हती. म्हणून ड्रायव्हर १३७, १३८, १३९ भरत बसलाय आणि मॅक शून्यापाशी खुणेची वाट बघत उभा.

आता सगळी लक्षणं लावून बघा. १३७ पासून चाक पूर्ण व्हायला ११९ पॅकेट लागतात, सेकंदाला एक एआरपी म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. मग ड्रायव्हर फिरून शून्यावर आला, मॅकला खूण दिसली, काम सुरू! केबल काढताना इंडेक्स, म्हणजे ड्रायव्हरच्या पोहऱ्याचा नंबर, २४५ वर असेल तर १०-११ सेकंद, १५ वर असेल तर चार मिनिटं. पण ड्रायव्हर रिकामं झालेलं मोजतो १३७ पासून क्रमाने, आणि तिथली जुनी पॅकेट अजून तशीच पडून, म्हणून थोड्या वेळाने त्याला वाटतं रिंग भरत आली, तो क्यू थांबवतो. मॅक रिकाम्या पोहऱ्यापाशी थांबलेला, ड्रायव्हर मॅकसाठी थांबलेला. पाच सेकंदांनी कर्नलचा वॉचडॉग, म्हणजे अडलेल्या क्यूवर लक्ष ठेवणारा पहारेकरी, ओरडतो आणि ड्रायव्हरला सगळी रिंग नव्याने मांडायला लावतो. ज्या मेसेजला आम्ही बिघाड समजत होतो, त्या मेसेजनंतरच तर गाडी रुळावर येत होती.

दुरुस्ती फार मोठी नाही पण क्रम सांभाळावा लागतो. लिंक गेली की आधी कर्नलकडून येणारी पॅकेट थांबवायची, आणि त्यासाठी नुसतं नेटइफ-स्टॉप-क्यू हे कर्नलचं फंक्शन पुरत नाही, कारण प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर त्याच क्षणी एखादं पॅकेट रिंगमध्ये ठेवलं जात असू शकतं. नेटइफ-टीएक्स-डिसेबल लॉक घेऊन ते संपायची वाट बघतं. मग नापी, म्हणजे रिकामे झालेले पोहरे आवरणारी कर्नलची सोय, थांबवायचं, मॅकचं ट्रान्समिट बंद, रिंगमधली पडून राहिलेली पॅकेट सोडून द्यायची, त्यांची मेमरी मोकळी, सगळ्या खुणा पुसायच्या, दोन्ही इंडेक्स शून्य. लिंक आली की आधी स्पीड आणि डुप्लेक्स (दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येतं का ते), मग ट्रान्समिट, मग नापी, आणि सगळ्यात शेवटी क्यू.

जाता जाता, तुमच्या घरच्या पीसीवर असं होत असेल तर रिंगच्या आधी झोपेचा प्रकार बघा. काही ड्रायव्हर केबल काढली की वीज वाचवायला कार्डच झोपवतात, आणि केबल लावल्यावर ते उठतच नाही. डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमध्ये कंट्रोल नावाच्या फाइलीत ऑटोच्या जागी ऑन लिहा आणि परत केबल काढून लावून बघा. चाललं तर दोष झोपण्या-उठण्यात आहे, शोध तिथे घ्यायचा. झोपलेल्या पीसीआय कार्डाचं रजिस्टर वाचलं तर सगळे एफ (म्हणजे सगळे बिट १) येतात, ती पण एक चांगली खूण आहे.

आता टेस्ट. हाताने केबल किती वेळा काढणार? मी पलीकडच्या लॅपटॉपचा इंटरफेस डाऊन-अप केला, बोर्डाचा नाही. बोर्डाला ते केबल काढल्यासारखंच दिसतं (फक्त लॅपटॉपचं वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून जागं करायची सोय, बंद ठेवा, नाहीतर काही कार्डं लिंक सोडतच नाहीत). रात्री ११ ते सकाळी ७, मिनिटाला एकदा, मध्ये दरवेळी वेगवेगळी पॅकेट पाठवायची म्हणजे इंडेक्स दरवेळी वेगळ्या जागी असेल. सकाळी कॅरियर-चेंजेसची ती फाइल बघितली, आकडा ९६० ने वाढलेला, म्हणजे ४८० वेळा लिंक गेली आणि आली. पिंग प्रत्येक वेळी परत आलं होतं.

गुरुवारी भोसरीत सुट्टी असते, मशीन मोकळं मिळालं, नवा ड्रायव्हर टाकला. शुक्रवारी संध्याकाळी काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी केबल काढली, फडक्याने सगळं पुसलं, पोर्टाच्या कडेपण पुसल्या, केबल लावली आणि सवयीने हात मेन स्विचकडे गेला. म्हटलं, "काका, थांबा जरा." तिसऱ्या सेकंदाला माझ्या लॅपटॉपवर रीडिंग यायला लागलं. काकांनी स्विचवरचा हात काढला आणि फडकं पिळायला गेले.