सीईटी झाली, कॉलेज सुरू व्हायचंय: मधल्या दिवसांतलं गणित

सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तुमची मागची दोन वर्षं या १०८ सेकंदांच्या तयारीत गेली. पर्याय उलटे घालून बघणं, एक्सला शून्य धरून तीन पर्याय बाद करणं, हे आता तुम्हाला झोपेतून उठवलं तरी जमेल. त्यात गैर काहीच नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत अशा परीक्षेत शहाणा माणूस तसंच वागेल. पण इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सी फिजिक्सच्या उत्तरपत्रिकेत बहुतेक वेळा समोर कोरं पान असतं, आणि गणित पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आपल्यालाच न्यायचं असतं.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या संपेपर्यंत तुमच्या हातात बरेच मोकळे दिवस आहेत. मागे बसलेले पालक कार्यक्रमानंतर मला काय विचारणार तेही ठाऊक आहे: ‘सर, एम-वनचा (इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचा) क्लास आत्तापासूनच लावू का?’ नका लावू. एम-वनमध्ये मुलं नव्या धड्यांवर अडकत नाहीत. पार्शल डेरिव्हेटिव्ह एका तासात समजतं. घोटाळा होतो तो तिसऱ्या-चौथ्या ओळीत. कंस सोडवताना वजा चिन्ह आतल्या एकाच पदाला लागतं. लॉगमधली बेरीज सुटी करून दोन लॉग केले जातात. वर्गमूळ काढताना उणे बाजू विसरते. हे सगळं दहावी-अकरावीचं आहे. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणून अनेकांनी अकरावी वरवर उरकलेली असते. कॉलेजात तीच आडवी येते.

म्हणून नवं पुस्तक आणू नका. अकरावीचंच पुस्तक काढा आणि त्रिकोणमिती, लॉग, कॉम्प्लेक्स नंबर यातली गणितं पूर्ण पायऱ्या लिहून सोडवा. रोज तास-दीड तास पुरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. व्हिडिओत दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघून आपल्याला ते आल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यावरच निम्मं पहिलं वर्ष बुडतं.

आता एक गोष्ट जरा सावकाश बघू. बारावीच्या फिजिक्समध्ये साधा लंबक होता. त्यात एक ओळ होती: कोन लहान असेल तर साइन थीटा म्हणजे थीटाच धरा. सगळ्यांनी ती मुकाट्याने लिहिली. पण लहान म्हणजे किती, हे किती जणांनी विचारलं? कॅल्क्युलेटर घ्या. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, आणि १० अंशांचा साइन ०.१७३६. फरक अर्धा टक्का. (तुमचं उत्तर उणे ०.५४४ आलं असेल तर कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलाय. पहिल्या सेमिस्टरला हे फार होतं.) आता ३० अंश घ्या. ०.५२३६ आणि ०.५. जवळजवळ पाच टक्के.

मग ३० अंशांवर सोडलेल्या लंबकाचा आवर्तकालही पाच टक्क्यांनी वाढेल का? नाही, साधारण पावणेदोन टक्क्यांनीच वाढतो. कारण प्रत्येक झोक्यात गोळा छोट्या कोनांमधूनही जातो आणि तिथे सूत्र जवळपास बरोबरच असतं. हे घरी करून बघता येतं. एक मीटर दोरी आणि जड गोळा घ्या. गोळा हलका असेल तर हवेमुळे झोका लवकर लहान होतो. पाच अंशांवरून सोडून २० आंदोलनं मोजा, मग ३० अंशांवरून सोडून मोजा. दोन्ही वेळा ४० सेकंदांच्या थोडं वर येईल, पण दुसऱ्या खेपेला अर्ध्या-पाऊण सेकंदाने जास्त. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हा फरक पकडता येतो. त्यासाठी तेवढा मोबाइल परत आणा!

इंजिनिअरिंगचं गणित बरंचसं हेच आहे. कुठे किती सूट घेतली आणि त्याची किती किंमत मोजली, याचा हिशेब.

दुसरा भाग डिफरन्शियल इक्वेशनचा. त्याचे उपयोग बारावीच्या पुस्तकात होते, चहा थंड होण्यापासून किरणोत्सारापर्यंत. वेळ नाही म्हणून अनेकांनी ते ऑप्शनला टाकले. आता ते काढा. जेवढं शिल्लक आहे त्याच प्रमाणात घटत जाणं, एवढंच ते समीकरण सांगतं. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर गुणाकार १० सेकंद येतो. पाच व्होल्टला चार्ज केलेला हा कपॅसिटर त्या रेझिस्टरमधून दहा सेकंदांत १.८४ व्होल्टवर येतो, आणि पन्नास सेकंदांनी एक टक्काही उरत नाही. हे एकदा स्वतः सोडवून आलेखावर काढलंत, तर बेसिक इलेक्ट्रिकलमधला एक धडा अर्धा झालाच.

इंटिग्रेशनचंही तसंच. घरातला सप्लाय २३० व्होल्टचा म्हणतो, पण त्याचं शिखर ३२५ च्या आसपास असतं. हा फरक का, याचं उत्तर साइनच्या वर्गाच्या इंटिग्रेशनमध्ये आहे. एका पूर्ण फेरीवर त्याची सरासरी बरोबर अर्धी येते. पाठ करू नका, काढून बघा.

बीएस्सी फिजिक्सला जाणाऱ्यांनी याशिवाय व्हेक्टर आणि मॅट्रिक्स नीट करावेत. ते पुढे क्वांटममध्ये रोज भेटतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. पदवीचं पहिलं वर्ष तुम्हाला नसतं, आणि आल्या आल्या बहुतेक शाखांत लाप्लास ट्रान्सफॉर्म (डिफरन्शियल इक्वेशन साध्या बीजगणितात बदलून सोडवायची पद्धत) समोर उभं राहतं. तुम्ही लंबक सोडून द्या. बाय पार्ट्स इंटिग्रेशन आणि पार्शल फ्रॅक्शन, ही दोनच प्रकरणं घ्या आणि हात बसेपर्यंत करा. लाप्लासचा उलटा प्रवास बराचसा पार्शल फ्रॅक्शनवरच चालतो.